बंदूक जमा झाली की जप्त झाली?

निवडणूक जाहीर झाली की गावोगाव एकच वाक्य कानावर येतं: "पोलिसांनी बंदूक नेली." नेली म्हणजे जमा करून घेतली की जप्त केली, हे आधी विचारा. पुढचे सगळे कागद त्यावरच ठरतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ देशभर एकच आहे, पण परवान्याचं टेबल जागेप्रमाणे बदलतं. पुणे, नागपूर, नाशिक अशा आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी. अपीलही त्याप्रमाणेच फुटतं: आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे. मुदत ३० दिवसांची. ती चुकीच्या दारात घालवू नका. गावचा परवाना घेऊन शहरात कायमचं राहायला गेलात, तर ३० दिवसांत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कार्यालयांना लेखी कळवायचं. बरेच जण हे विसरतात आणि नूतनीकरणाच्या वेळी अडकतात.

फरक याहूनही मोठा असू शकतो. कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्ग) कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे तिथल्या जुन्या वंशपरंपरागत पद्धतीच्या, जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. ती उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम ठेवली. त्याच सह्याद्रीच्या कुशीत सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला मात्र ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुकीलाही शेतीसंरक्षणाचा परवाना लागतो. आणि तो परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा नव्हे. तिच्यासाठी वनविभागाची वेगळी परवानगी लागते.

आता 'जमा'. निवडणुकीपुरत्या सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करायच्या नाहीत, हे निवडणूक आयोगाने २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे. जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेक परवाना तपासायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत सापडलेले, अशांवर भर द्यायचा, आणि ज्याची बंदूक हवी त्याला नोटीस द्यायची. ही छाननी मनापासून व्हायला हवी. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान २०१४ आणि २०१९ला ऑक्टोबरात, तर २०२४ला नोव्हेंबरात झालं. म्हणजे कोकणात भात कापणीला येतं आणि डुकरं शेतात उतरतात, नेमके ते दिवस. तेव्हा बंदूक ठाण्यात पडून राहणं शेतकऱ्याला फार महाग पडतं. तुमची पार्श्वभूमी स्वच्छ असेल तर सातबारा आणि पीक नुकसानीचे पंचनामे जोडून समितीकडे सूट मागा, आणि अर्जाची पोच घ्या.

जमा करावीच लागली तर आधी ती रिकामी आहे याची खात्री करा. ठासणीच्या बंदुकीत नुसतं बघून कळत नाही. गज (दारू ठासायची कांब) नळीत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग बाहेर काढून खूण तोंडाशी जुळवून नळीलगत बाहेरून धरायचा. गजाचं टोक बुडाच्या बरंच अलीकडे थांबत असेल तर आत बार, म्हणजे भरलेली दारू, आहे. तो घरी काढायच्या भानगडीत पडू नका, परवानाधारक विक्रेत्याकडून काढून घ्या. जुन्या बंदुकांवरचा क्रमांक झिजलेला असतो आणि परवान्याशी जुळत नाही, म्हणून क्रमांकाचा जवळून फोटो ठेवा. पावतीवर बंदुकीचा प्रकार, बोअर (नळीचं माप), क्रमांक, परवान्याचा युआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) आणि काडतुसांची संख्या हवीच. "एक बंदूक जमा" एवढीच पावती घेऊन परत फिरू नका. निकालानंतर आठवडा उलटला की बंदूक परत मिळायला हवी.

'जप्त'ची गोष्ट निराळी. इथे गुन्हा किंवा संशय असतो, पंच असतात, पंचनामा होतो, बंदूक मुद्देमाल म्हणून नोंदली जाते. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे. ठाण्यात कितीही हेलपाटे घातले तरी अंमलदार ती आपल्या अधिकारात सोडू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकारी न्यायालयात अर्ज करावा लागतो. अर्ज करण्याआधी परवाना चालू आहे ना ते बघा. तो निलंबित किंवा रद्द झाला असेल, तर आधी त्या आदेशाविरुद्ध अपील करावं लागेल, कारण वैध परवाना नसलेल्याच्या हाती न्यायालय बंदूक देणार नाही.