शेवाळ म्हणून लिहिलेले गवत

पौष अमावास्येनंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, सिंधुदुर्गातील एका खाडीच्या मुखाशी आम्ही सहा स्वयंसेवक गुडघाभर चिखलात उभे होतो. खाडीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. उधाणाच्या ओहोटीला उघडी पडणारी ही चिखलवट जेमतेम दीड-दोन तास हाती लागते. तेवढ्या वेळात ५० मीटरच्या दोरीवर दर पाच मीटरला अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची आणि समुद्री गवताने आतली किती टक्के जागा व्यापली आहे, ते तक्त्यात भरायचे, असे आमचे काम होते.

पहिल्या चार चौकटींपुढे मी ‘गवत शून्य, शेवाळ थोडे’ असे लिहून मोकळी झाले. चित्रांत पाहिलेले समुद्री गवत लांब पातीचे, पाण्यात डुलणारे होते. इथे चिखलावर हिरवट डागांपलीकडे काही दिसत नव्हते. शेजारी तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या एक आजी बराच वेळ माझे लिहिणे पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवले नाही. ‘‘शेवाळ नाय गो तां. धुवून बघ, मुळां आसत तेका.’’

बाटलीतले पाणी हळूहळू ओतून मी तो डाग धुतला. आखूड देठाच्या टोकाला झुबक्याने आलेली, सेंटिमीटरभर लांबीची, भाल्याच्या पात्यासारखी पाने. खाली दोऱ्याएवढे पांढरे आडवे खोड आणि त्याच्या पेऱ्यापेऱ्याला चिखलात शिरलेले मूळ. ही हॅलोफिला बेक्कारी नावाची समुद्री गवताची जात होती. गोव्यात मांडवीच्या खाडीतून जिची नोंद पूर्वीच झालेली आहे आणि जगभरातील धोक्यातील प्रजातींच्या यादीत जी ‘असुरक्षित’ गटात आहे, ती ही सपुष्प वनस्पती मी शेवाळ ठरवून बसले होते, आणि त्यातल्या काही भागावर माझ्या पायांचे ठसेही उमटले होते. चारही चौकटी पुन्हा मोजल्या. एकीत ती ४० टक्के भरली. या उलटसुलट कामात पाणी चढले आणि शेवटच्या दोन चौकटी बुडाल्या. त्यांच्या जागा मी कोऱ्याच ठेवल्या. अंदाजाने आकडा भरण्याची सवय अशा कामाला फार घातक असते.

दहा वाजता वाळूच्या टेकड्यांकडे वळलो. भर उन्हात तिथली मोजणी कंटाळवाणी असते, तिचे वर्णन करत नाही. पण टेकडीच्या दक्षिण टोकाला पोहोचलो तेव्हा पुढचा उतारच नव्हता. कुणाच्या तरी जागेपर्यंत गाडी जावी म्हणून जेसीबीने तो उभा कापला होता. त्या कापलेल्या भिंतीतून वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची खोडे लोंबत होती आणि त्यांच्याही पेऱ्यापेऱ्याला मुळे होती. सकाळी धुतलेल्या त्या दोऱ्याची जणू थोरली आवृत्तीच! तिथे ते खोड गाळ धरून ठेवत होते, इथे वाऱ्याने उडून येणारी वाळू. पावसाळ्यात लाटा हीच वाळू ओढून नेतात आणि उघडीप मिळाल्यावर ती किनाऱ्याला परत येते. वेल नसेल तर परत आलेली वाळू अडणार कशाला?

२०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि समुद्री गवताची कुरणे या दोहोंना सर्वांत कडक संरक्षणाच्या एक-अ वर्गात घातले आहे. मात्र जे कुठल्याही नोंदीत नाही, त्याच्या बाजूने बोलताना हातात काही नसते, हे मला त्या भिंतीसमोर फार बोचले.

कामावरचा मुकादम सावलीतून उठून आला. ‘‘ताई, मोजताय काय एवढं? रानगवतच आहे ना ते?’’ रागाने उत्तर देण्याचा अधिकार मला त्या दिवशी तरी नव्हता. मी खिशातला सकाळचा तक्ता काढून खोडलेल्या चार ओळी त्याला दाखवल्या. त्याला त्या कितपत कळल्या, कुणास ठाऊक. पण टेपचे दुसरे टोक धरून तो कापाच्या तळाशी उभा राहिला आणि मी उंची लिहिली : दोन मीटर तीस.