न्यू जर्सीत मिडल स्कूल शोधताना: पट आणि प्रोफिशियन्सीचे आकडे आम्ही कसे वाचले

मुलगी पाचवीत गेली आणि घर शोधणं न् शाळा शोधणं एकच काम होऊन बसलं, कारण इथे पब्लिक स्कूल पत्त्यावरून ठरतं. एकट्या एडिसनमध्ये चार मिडल स्कूल्स आहेत, म्हणजे गाव तेच पण घर कुठल्या रस्त्यावर आहे त्यावर शाळा. एजंटला विचारलं यातली चांगली कुठली, तर तो म्हणाला ते मी सांगणार नाही. फेअर हाउसिंग कायद्यामुळे (घरांच्या व्यवहारात भेदभाव होऊ नये म्हणून असलेला कायदा) ही मंडळी शाळांबद्दल मत द्यायचं टाळतात, आणि ते बरोबरच आहे. घरांच्या साइटवर दहापैकी रेटिंग दिसतं, पण एवढा मोठा निर्णय एका आकड्यावर घ्यायला मन तयार होईना.

मग स्टेटचे स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट्स उघडले. फुकट आहेत, प्रत्येक शाळेचा वेगळा. आधी पट बघितला. एकूण पटावरून तुलना करू नका, कारण काही शाळा सहावी ते आठवी असतात, काही पाचवी ते आठवी, काही फक्त सातवी-आठवी. एका इयत्तेत मुलं किती ते बघा आणि तो आकडा वर्षागणिक वाढतोय का घटतोय तेही बघा, रिपोर्टमध्ये मागच्या वर्षांचे आकडे शेजारीच असतात.

खरा वेळ गेला तो प्रोफिशियन्सीत, म्हणजे किती टक्के मुलं त्या इयत्तेच्या अपेक्षित पातळीला पोचली त्यात. इथली स्टेटची परीक्षा म्हणजे एनजेएसएलए (न्यू जर्सी स्टुडंट लर्निंग असेसमेंट). आम्ही बघितलेल्या निकालांत स्कोअर 650 ते 850 होता आणि 750 किंवा जास्त असला की लेव्हल 4, म्हणजे अपेक्षित पातळी गाठली. लेव्हल 4 आणि 5 ची मुलं मिळून जे टक्के होतात तेच सगळे एकमेकांना सांगत असतात. तर एका शाळेत सहावी-सातवीचं गणित मस्त आणि आठवीत टक्के एकदम कोसळलेले. नवरा म्हणाला आठवीचे शिक्षक बरे नसतील. पण दुसऱ्या शाळेतही तेच, तिसऱ्यातही तेच! मग कळलं की आठवीत जी मुलं अल्जेब्रा 1 (बीजगणिताचा पुढचा कोर्स) घेतात ती आठवीच्या गणिताची परीक्षा देतच नाहीत, अल्जेब्राची देतात. म्हणजे गणितात पुढे असलेली मुलं त्या टक्क्यातून बाहेरच पडतात, आणि जितकी जास्त मुलं अल्जेब्रात तितका आठवीचा आकडा वाईट दिसणार. ज्यांना हे माहीत नाही ते चांगल्या शाळेवर फुली मारून मोकळे होत असतील, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

इथे पट पुन्हा कामाला आला. स्टेटच्या निकालाच्या एक्सेल फाइलमध्ये किती मुलांचे स्कोअर धरले तो कॉलम असतो. समजा आठवीचा पट 300 आहे आणि आठवीच्या गणिताला स्कोअर 140 च, तर उरलेली बरीचशी मुलं अल्जेब्रात आहेत असं समजायचं (काही गैरहजर, काही वेगळी परीक्षा देणारी, ते थोडे सोडून द्या). मग अल्जेब्राचा निकाल वेगळा काढून बघायचा. हे केल्यावर आमच्या यादीचा क्रमच बदलला.

दुसरी गोष्ट ग्रोथ, म्हणजे मूल आधीच्या मानाने किती पुढे गेलं. टक्के हे बऱ्याच अंशी घरच्या परिस्थितीवर जातात, क्लासेस लावणारे आईबाप जास्त असले की टक्के चांगले, त्यात शाळेचं किती ते कळत नाही. ग्रोथ पर्सेंटाइलमध्ये मुलाची तुलना आधी साधारण तेवढेच मार्क असलेल्या राज्यातल्या इतर मुलांशी होते. मला हा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो. सोबत कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची ओळही बघा, तिथे जी शाळा मुलांना वर आणते तिथे शिकवतात असं मी मानते. मुलं फारच कमी असली तर आकड्याऐवजी चांदणी (*) दिसते, प्रायव्हसीसाठी. आणि जुना ट्रेंड काढताना 2020 आणि 2021 रिकामे सापडतील, कोविडमुळे परीक्षा झालीच नव्हती.

शेवटी आम्ही टक्क्यांत दुसऱ्या नंबरची पण ग्रोथ चांगली असलेली शाळा धरली आणि तिच्या झोनमध्ये घर बघायला लागलो. ऑफर द्यायच्या आधी त्या घराचा नेमका पत्ता सांगून स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑफिसला फोन करून शाळा कन्फर्म करा, साइटवर लिहिलेल्या झोनवर जाऊ नका, हद्दी बदलतात.