निसरड्या केसांचा अंबाडा दिवसभर टिकवताना

माझे केस कमरेच्या खाली जातात, पण वेणी घातली की शेवटाकडे ती करंगळीएवढीच उरते. केस बारीक, सरळ आणि इतके गुळगुळीत की रबर लावलं तरी हळूहळू खाली घसरतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग तिथे लेथवर, ड्रिलवर चढतात आणि मापं घ्यायला मला मशीनजवळ जावंच लागतं. फिरत्या स्पिंडलजवळ एक बट सुटणं किती धोक्याचं, ते तिथे काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यामुळे अंबाडा घट्ट आणि टोपीच्या आत राहिलाच पाहिजे.

‘कापून टाक की,’ असं बऱ्याच जणींनी सुचवलं. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझे शेंडे मुळाशी होते त्याला सात-आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांची निगा कात्रीने संपवायची माझी तयारी नव्हती.

सकाळी आवळून घातलेला अंबाडा चहाच्या सुट्टीपर्यंत मानेवर यायचा. पिना वाढवल्या तर त्या पिनाच निसटून टोपीत पडायच्या. हे असं का होतं, हे समजल्याशिवाय मला चैन पडेना. एका दुपारी काम आटोपल्यावर मी माझा एक केस मायक्रोमीटरमध्ये धरला. माप आलं ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. शेजारच्या टेबलावरच्या ताईंचे केस दाट आणि राठ आहेत, त्यांचा केस ०.०८ भरला. फरक आकड्यात किरकोळ वाटतो, पण गोल सळईचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तोच हिशेब केसाला लावला तर त्यांचा एक केस माझ्यापेक्षा सुमारे साडेसहा पट ताठ. पिन अडकून राहते ती केसांनी तिला उलटा रेटा दिला म्हणून. माझे केस रेटा देण्याऐवजी वाकून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट घर्षणाची. केसावर सूक्ष्म खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, मुळाकडून शेंड्याकडे रचलेले. ते नीट बसलेले असले की केस चमकतात आणि सरकतातही. त्यावर कंडिशनरचा थर चढला की उरलीसुरली पकडही जाते. बाटलीमागच्या यादीत डायमेथिकोन दिसलं तर ते सिलिकॉन आहे, केस गुळगुळीत करण्यासाठीच घातलेलं. आता मी कंडिशनर फक्त खालच्या वीतभर केसांना लावते, मुळांकडे अजिबात नाही. रविवारी शिकेकाईने न्हाते. न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी केस हाताला थोडे भरीव लागतात आणि अंबाडा त्या दिवशी सगळ्यात चांगला बसतो. लग्नकार्य असेल तर जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळून, तो चिकट रस कपाळाजवळच्या बटांना बोटाने लावते. वाळल्यावर बटा जागच्या हलत नाहीत.

पण खरा उपाय मंगळवार पेठेतल्या माझ्या आत्तीकडे सापडला. मी तिच्या आरशासमोर पिना खोचत होते तेव्हा ती म्हणाली, ‘‘पिना कशाला टोचत बसलीयास? आगवळ घे की. तुझा केस केसाला धरत न्हाई, सुताला धरंल.’’ तिने डब्यातून काळी सुती आगवळ, म्हणजे वेणीत गुंफायची दोरी, काढली आणि मला पुढ्यात बसवलं.

तिची रीत अशी. आधी मानेच्या थोडं वर केस एकत्र घेऊन आगवळीच्या मध्यभागाने मुळाशी दोन-तीन फेरे देऊन गाठ मारायची. हा पाया. पाया हलला तर वर काहीही करा, अंबाडा खाली येणारच. मग आगवळीची दोन टोकं दोन पेडांत घेऊन वेणी घालायची. सुताचा खरखरीतपणा केसांना धरून ठेवतो आणि वेणीच्या उंचसखल विणीत आकड्यांना, म्हणजे यू आकाराच्या पिनांना, अडकायला जागा मिळते. नुसता पीळ दिलेले केस उलटे सुटायला बघतात, वेणी तसं करत नाही. वेणी पायाभोवती सपाट गुंडाळायची, शेंडा आत दडपायचा आणि आगवळीची उरलेली टोकं अंबाड्याच्या बुडाशी विरुद्ध बाजूंनी फिरवून खाली गाठ मारायची. आगवळ त्यासाठी लांबच घ्यावी लागते. मी महाद्वार रोडवर बांगड्या-रिबिनींच्या दुकानातून आणली. रेशमी, चकचकीत गोंडेवाली बघायला फार सुंदर असते, पण आपल्या केसांना ती उपयोगाची नाही. साधी सुतीच मागा.

एवढं केल्यावर तीन-चार यू आकडे पुरतात. फक्त ते सरळ आत खुपसायचे नाहीत. आकडा बाहेरून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस घेईल असा उभा धरायचा, टाळूवरच्या केसांना टेकवायचा आणि तिथून उलटा वळवून अंबाड्याच्या मध्याकडे ढकलायचा. वेणीचे आणि डोक्यावरचे केस एकत्र पकडले गेले की तो हलत नाही. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची. दातांनी फाकवून ढिली झालेली पिन सरळ टाकून द्या, तिच्यात दम राहत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे जुलैत केस वाळता वाळत नाहीत, आणि कामावर निघायची घाई असते. पण भिजलेला केस पाणी पिऊन साधारण १५ टक्के जाड होतो. तसाच बांधला तर वाळताना बारीक होतो आणि अंबाडा आपोआप सैल पडतो. शिवाय ओला केस ताणाला लवकर तुटतो. म्हणून आम्ही घरातल्या सगळ्या जणी पावसाळ्यात संध्याकाळीच न्हातो.

मोपेडवर हेल्मेट असतं, त्यात अंबाडा मावत नाही आणि दबला तर पाया सरकतो. म्हणून घरून पाया आणि वेणी करून निघते. पंचगंगेचा पूल ओलांडून कंपनीत पोचले की कपडे बदलायच्या खोलीत वेणी गुंडाळून गाठ मारते, वर टोपी. हे काम आरशाशिवायही होतं. शिफ्ट संपेपर्यंत आता हात मागे न्यावा लागत नाही.

घट्टपणाबद्दल मात्र मी जपते. कपाळाच्या कडेला ओढ बसून डोकं ठणकायला लागलं तर पाया तेव्हाच सैल करते. रोजच्या ओढीने कपाळाजवळचे केस विरळ होतात, आणि ओढ वर्षानुवर्षं राहिली तर ते परत येतच नाहीत. पायाची जागाही अधूनमधून बोटभर वर-खाली करते.

नवरात्रात अंबाबाईला जाताना याच अंबाड्यावर गजरा माळते. गजऱ्याचा दोरा आकड्यांना न अडकवता बुडाशी फिरवलेल्या आगवळीत ओवायचा. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभं राहिलं तरी गजऱ्याचं वजन केसांवर येत नाही, आणि रात्री तो काढताना एकही केस तुटत नाही.