आई, ऐकू नकोस, बघ

मागच्या वर्षी जून संपता संपता लेकीच्या ढोल-ताशा पथकात नाव घातलं. वय ४७, नोकरी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्याची. "आठ दिवसांत हौस फिटेल," असं नवरा म्हणाला. हौस काही फिटली नाही, थापीच्या हाताची बोटं मात्र सुजली. नदीपात्रातल्या शेडमध्ये रोज संध्याकाळी सराव. लेक माझ्यापेक्षा चार वर्षांनी सीनियर, त्यामुळे तिथे ती ताई आणि मी नवीन पोरगी.

नवीन वादक रांगेच्या शेवटी. आमच्या रांगेत २५ ढोल, मी पंचविसावी. ताशे सगळ्यांत पुढे. तिसऱ्या दिवशी ताशाचा लीड (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्याकडे शिकला असता तर कान धरला असता) मागे आला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही उशिरा येताय." मी डोळे मिटून, कानांत प्राण आणून वाजवायला लागले. पुढच्या आठवड्यात तोच म्हणाला, "काकू, आता पळताय." आधी उशिरा, मग पळतेय! दोन्ही एकाच बाईला कसं लागू होणार?

रात्री कागद घेऊन बसले. दोन ढोलांत दीड मीटर धरलं, तर पहिल्या आणि पंचविसाव्या ढोलात ३६ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पुढचा ठोका माझ्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकायला एवढासा. पण जलद हातात सेकंदाला चार ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत पाव सेकंद, आणि त्यातला साधारण चाळीस टक्के वेळ वाटेतच जातो. शिवाय मी तो ऐकून वाजवलेला ठोका पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच वेळ. म्हणजे मी मन लावून ऐकत होते म्हणूनच उशिरा येत होते. वीस वर्षं अकरावीला ध्वनी शिकवतेय, आणि हे कळायला बोटं सुजावी लागली.

पळण्याचं कोडं मात्र फिजिक्समध्ये सुटेना. लेकीने फोनवर सराव रेकॉर्ड केला होता, तो मी घड्याळ लावून मोजला. सुरुवातीला मिनिटाला ९६ ठोके, संपताना ११९. आणि पळत होतं ते अख्खं पथक, एकटी मी नव्हे! (हे मी लीडला लगेच सांगितलं, याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.) शोधताना थॉमस वुल्फ, नताली सेबान्झ वगैरे संशोधकांचा २०१९चा अभ्यास सापडला. एकत्र वाजवताना लय का वाढते, हाच त्यांचा प्रश्न. मला समजलं ते असं: दुसऱ्याचा ठोका आपल्या आधी कानावर पडला की आपण आपला ठोका नकळत पुढे ओढतो. तो कमी झालेला वेळ मग परत फिटत नाही, तीच नवी लय होऊन बसते. पुढच्या वेळी पुन्हा कुणीतरी किंचित आधी वाजवतो, पुन्हा सगळे ओढतात. मुद्दाम घाई कुणीच करत नाही, आणि पळतात सगळे.

लेकीला हे सगळं समजावून सांगितलं. ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, ऐकू नकोस, बघ. हे आम्हाला पहिल्याच वर्षी सांगतात." मला कुणी सांगितलं नव्हतं. काकूंना कोण सांगणार?

बघायचं म्हणजे पुढच्यांची टिपरी, ढोल वाजवायच्या काठ्या. टिपरू वर जातं तेव्हाच ते कधी खाली येणार हे ठरलेलं असतं, आणि उजेडाला ३६ मीटर म्हणजे काहीच नाही. माझ्या लक्षात आलं की टिपरूसुद्धा शेवटी दिसतं, त्याआधी खांदा हलतो. पुढच्या मुलीच्या खांद्यावर नजर ठेवली आणि पहिल्यांदा माझा ठोका कुणाच्या मागून न येता सगळ्यांच्यात पडला. तो वेगळा ऐकूच आला नाही.

आईबरोबर साडीची घडी घालताना असंच व्हायचं. ती एक टोक धरायची, मी दुसरं. "आता" कुणी म्हणायचं नाही. तिची मान किंचित कलली की मी पुढे निघालेली असायचे, आणि काठाला काठ मधोमध लागायचा. नवरा अजून माझ्या हातांकडे बघत उभा राहतो, आणि साडी जमिनीला लागते.

विसर्जनाच्या दिवशी गर्दीत लीड दिसलाच नाही. तोच खांदा धरून चार तास वाजवलं, दोनदा हात चुकला.

यंदा अकरावीला गणित घातलं: २५ ढोलांची रांग, दोन ढोलांत दीड मीटर, शेवटच्याला ठोका किती उशिरा ऐकू येईल? उत्तर बहुतेकांचं बरोबर आलं. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मॅडम, पण शेवटचा ऐकून कशाला वाजवेल?" तो कुठल्याशा पथकात ताशा वाजवतो, हे मला नंतर कळलं.