उताणं पडून गायलेला अल्बम

आज सुट्टी. आवराआवर राहिली बाजूला, दिवसभर अमेरिकन सोल गायक कर्टिस मेफिल्ड ऐकत बसले. शिकागोच्या 'इम्प्रेशन्स' या गायकांच्या गटातला तो उंच, मऊ आवाज; 1970 मध्ये गट सोडून एकटा निघाला, 1972 ला 'सुपर फ्लाय' हा अल्बम. पठ्ठ्याची गिटारसुद्धा पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या सुरांवर लावलेली! (पेटीवाल्यांनो, ऐकताय ना?) ऑगस्ट 1990 मध्ये ब्रुकलिनला स्टेजवरचे दिवे अंगावर कोसळले, मानेखालचं शरीर लुळं पडलं. गिटार कायमची सुटली. तरी 1996 चा 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' गायलाच. श्वास पुरावा म्हणून उताणं पडून, एकेक ओळ रेकॉर्ड करत. हेडफोन लावून जोड शोधत होते, एकही सापडला नाही. खरं सांगू? 'सुपर फ्लाय'पेक्षा मला हाच जास्त आवडतो. भांडायला या.