बस्ता, बराकी आणि वळिवडे स्टेशन

पुतणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. घरात हॉलवरून वाद झाला, जेवणावरून झाला, पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून तर दोन दिवस अबोला झाला. पण बस्ता कुठं बांधायचा यावर कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्याकडं बस्ता म्हणजे गांधीनगर. माझ्या आत्याचा तिथंच बांधला, भावाचा तिथंच, माझाही तिथंच. मी त्यासाठी पुण्याहून मुद्दाम आलो, कारण गठ्ठे उचलायला माणूस हवा होता.

तावडे हॉटेलपाशी हायवे सोडला की कोल्हापूर संपल्यासारखं वाटतं, आणि दहा मिनिटांत एक वेगळंच गाव सुरू होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, वर कापडाची गोदामं, मधे कापड भरलेले टेम्पो. टेम्पोंवर कोकणातल्या, बेळगावकडच्या, सांगली-साताऱ्याच्या पाट्या. आत शिरलो की आधी पादत्राणं काढायची, मग गादीवर मांडी घालून बसायचं, चहा येतो, आणि पोऱ्या वरच्या मजल्यावरून साड्यांचे थर खाली फेकायला लागतो. आई, वहिनी, दोन मावश्या आणि नवरीमुलगी बसल्या. आहेराच्या वेगळ्या, मानाच्या वेगळ्या, टॉवेल-टोपी वेगळी, खण वेगळे. दीड तासात मी चौथ्यांदा जांभई दिल्यावर मावशी म्हणाली, "तू जा बाबा भाईर. तुझा हितं काय उपयोग न्हाई."

मी बाहेर पडलो. तसाही मला वेळ हवाच होता.

आदल्या दिवशी सकाळी मी महावीर उद्यानात फिरायला गेलो होतो. तिथं पोलंडच्या लोकांनी १९९८ मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. लहानपणी आम्ही त्या बागेत खेळलो, पण स्तंभ झाला तोवर मी कॉलेजात होतो आणि त्याच्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सॉला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकापाशी फुलं वाहिली आणि आमच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर 'गर्व आहे कोल्हापूरकर असल्याचा' सुरू झालं. त्या स्मारकावर वळिवड्याचं नाव आहे. वळिवडे म्हणजे हाच परिसर, जिथं माझ्या मावश्या साड्या पसरून बसल्या होत्या. गांधीनगर वसलं ते पोलिश छावणीच्या जागेवर.

आजीचं माहेर चिंचवाड, इथून जवळच. ती 'पोलंडच्या बायका' म्हणायची. फ्रॉक घालून उन्हात फिरणाऱ्या, बाजारात फळं दाबून बघणाऱ्या, मराठी आकडे बोटांवर मोजणाऱ्या. पुरुष का नव्हते, हे तिला कधी कळलं नव्हतं. पुरुष लढाईवर होते.

ही माणसं पूर्व पोलंडातली. सप्टेंबर १९३९ मध्ये एका बाजूनं हिटलर आणि दुसऱ्या बाजूनं स्टालिन पोलंडात घुसले. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी पूर्वेकडची कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीत उचलून मालगाड्यांतून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारनं स्टालिनशी करार केला आणि यांची सुटका झाली. मग १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून लाखाहून जास्त लोक इराणात उतरले. धडधाकट पुरुष सैन्यात गेले, बायका-मुलं आफ्रिकेत, न्यूझीलंडमध्ये, मेक्सिकोत, आणि हिंदुस्थानात. १९४३ मध्ये वळिवड्याला छावणी उभी राहिली. मावली सुमारे पाच हजार माणसं.

इथं एक गल्लत आपण नेहमी करतो. 'भला महाराजा' म्हणून पोलंडमध्ये ज्यांची आठवण काढतात ते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. त्यांची बालाछडीची मुलांची छावणी गुजरातेत. वळिवड्याची छावणी कोल्हापूर संस्थानात होती हे खरं, पण तिचा खर्च लंडनचं पोलिश सरकार करत होतं. कोल्हापूरनं जागा आणि शेजार दिला. तेही कमी नाही, पण सगळं श्रेय ओढून घ्यायची गरज नाही.

खर्च कोण करतं यावर पुढचं सगळं ठरलं, असं मला वाटतं. पोलिश कुटुंबांना दरमहा भत्ता होता. स्वतःच्या शाळा होत्या, चर्च, दवाखाना, नाटक, सिनेमा, स्काउट. मुलं पोलिश भाषेत शिकत होती, कारण परत पोलंडलाच जायचं होतं. उसाच्या फडाशेजारी एक अख्खं पोलिश गाव पाच वर्षं चाललं आणि त्याला कोल्हापूरच्या बाजारपेठेत पाय रोवावे लागले नाहीत. रोवायचे नव्हतेच. त्या बायकांनी मराठी शिकली ती भाजी घेण्यापुरती.

मग १९४५ उजाडलं. फेब्रुवारीत याल्टाला बड्या राष्ट्रांच्या बैठकीत पोलंडच्या नव्या सीमेची रेघ ठरली आणि त्यांची गावं सोव्हिएत संघात राहिली. जुलैत इंग्रजांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढली. युद्ध संपलं आणि घर गेलं, दोन्ही एकाच वर्षात. छावणी आंतरराष्ट्रीय मदतीवर आली आणि १९४८ पर्यंत रिकामी होत गेली. ज्यांचे नवरे-बाप पोलिश सैन्यात होते ती कुटुंबं इंग्लंडला गेली, काही पोलंडला परतली, काही आणखी कुठं कुठं. काही जणी इथल्या माणसांशी लग्न करून भारतातच राहिल्या. काही इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

बराकी रिकाम्या झाल्या आणि लगेच भरल्या. कराचीहून जहाजानं मुंबईला उतरलेले सिंधी.

यातली एक बराक बघायला मिळाली तर बघावी म्हणून मी मागच्या गल्ल्यांत शिरलो. बहुतेक ठिकाणी तीन-तीन मजले चढलेत. गल्ल्या मात्र कापडाचं माप घेतल्यासारख्या सरळ. बराकी गेल्या, त्यांच्या रांगा राहिल्या. एका दुकानाबाहेर खुर्ची टाकून एक वयस्क गृहस्थ बसले होते. विचारलं, "काका, जुनी बराक कुठं शिल्लक आहे का?"

"बराक?" ते हसले. "तुमी बराकीतच हुबं हाय की. या, बसा."

सिंधी माणसाच्या तोंडून अशी अस्सल कोल्हापुरी ऐकली की आम्हा लोकांना अजून गंमत वाटते. वाटायला नको खरं तर; ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं कोल्हापुरात आहेत. सहा वर्षांचे असताना आले. कराचीत जानेवारी १९४८ मध्ये दंगल झाली, त्यानंतर. वडिलांचं धान्याचं दुकान होतं, कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडं दिली. "चार महिन्यांत येतो म्हणून." इथं आले तेव्हा त्यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि पुढची पडवी आली. वर कौलं, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. एका कोपऱ्यात तट्ट्याला खिळ्यानं टांगलेलं येशूच्या आईचं चित्र होतं. त्यांच्या आईनं ते काढलं नाही. शेजारी सिंध्यांच्या देवाचं, झूलेलालचं लावलं.

"आमाला पैसं कोण देणार?" काका म्हणाले. "सुरवातीला रेशन दिलं सरकारनं. मग बंद. वडील कोल्हापुरातनं कापडाचे तुकडे आणायचे, पाठीवर टाकून खेड्याला जायाचे. आई पापड लाटायची. आमी पोरं पापड इकायचो."

त्यांनी आत हाक मारली आणि नातवानं गल्ल्याखालून एक वही आणून दिली. वडिलांची उधारीची वही. लाल कापडी पुठ्ठा, कडा कुरतडलेल्या. मी सवयीनं डावीकडून उघडली तर शेवटचं पान निघालं. अरबी वळणाची सिंधी लिपी, उजवीकडून डावीकडं जाणारी. मला एक अक्षर कळेना. काका बोट फिरवत वाचू लागले: गारगोटी. निपाणी. मलकापूर. राधानगरी. पुढं नाव, पुढं वार, रुपये, आणे. पाच वार मांजरपाट, सुगीला देणार. पातळ एक, बाळंतपणाचं, दसऱ्याला देणार.

सगळी गुपितं त्या 'सुगीला देणार'मध्ये आहेत. शहरातला दुकानदार रोख मागायचा. कॅम्पातला माणूस दारात यायचा, नफा कमी घ्यायचा आणि ऊस गेल्यावर पैसे घ्यायचा. त्याला माल लवकर फिरवायचा होता, कारण अडकवून ठेवायला भांडवलच नव्हतं. पाठीवरच्या गठ्ठ्याचं दुकान झालं, दुकानाचं होलसेल. पुढं सुरतेहून, अहमदाबादहून माल थेट येऊ लागला, इचलकरंजीचे माग तर हाकेच्या अंतरावर. आज गारगोटीचा दुकानदारच इथं माल भरायला येतो. उधारी अजून चालते, फक्त मोबाइलवर.

आणि आम्ही काय म्हणायचो? 'कॅम्पातला माल.' धुतला की आटणारा, रंग जाणारा. आमच्या घरात ही म्हण होती आणि बस्ताही तिथंच बांधला जायचा, दोन्ही एकाच तोंडानं. पोलिश बायकांबद्दल असं कुणी बोललं नसावं. त्या आमच्याशी कशातच स्पर्धा करत नव्हत्या. पाहुणा पैसे घेऊन येतो आणि जायची तारीख सांगतो, तो सगळ्यांना आवडतो. सिंध्यांकडं दोन्ही नव्हतं. ते नागरिक होते, मतदार होते, आणि तरी 'निर्वासित' होते. त्यांच्यातले कित्येक जण स्वतःला शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी म्हणवून घ्यायचे, ते उगाच नाही.

मला राहून राहून वाटतं ते हे, की दोघांचंही घर रेघेपलीकडं गेलं, पण पोलंड नावाचा देश नकाशावर होता. हलला, पश्चिमेकडं सरकला, पण होता. पंजाब आणि बंगाल चिरले गेले, तरी अर्धा अर्धा इकडं आला. सिंध अख्खा पलीकडं राहिला. इथं सिंध्यांना ना राज्य, ना जिल्हा. भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळायलाच १९६७ उजाडावं लागलं. परत जायला गाव नाही म्हटल्यावर माणूस दुकान टाकतो.

दुकानानं भाषा मात्र राखली नाही. पोलिश मुलं पाच वर्षं इथं राहून पोलिशमध्येच वाढली. काकांचा नातू इंग्रजी शाळेत शिकला, गिऱ्हाइकाशी मराठी, व्यापाऱ्याशी हिंदी आणि आजोबांशी तोडकं सिंधी बोलतो. वही त्याला वाचता येत नाही. "त्याला कशाला पायजे?" काका म्हणाले. "ज्यांच्याकडं बाकी हुती ती माणसं पण गेली." मग वही परत गल्ल्याखाली ठेवायला सांगितली. टाकून द्यायला नाही सांगितलं.

मी विचारलं, "इथं तुमच्या लोकांचं स्मारक वगैरे काही?"

काकांना प्रश्न कळला नाही. नातवाला कळला. त्यानं शटरकडं हात केला आणि म्हणाला, "सकाळी नऊला उघडतं." मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. माल उतरवायला टेम्पो आला होता. हमाल दोघंही बिहारचे. त्यांच्याशी तो भोजपुरी वळणाची हिंदी बोलत होता. ते कुठं राहतात विचारलं तर म्हणाला, मागं खोली आहे, आठ जण राहतात.

मी काकांकडून दोन टॉवेल घेतले. भाव केला नाही, तर ते जरा नाराज झाले आणि स्वतःच वीस रुपये कमी केले.

दुकानात परत आलो तेव्हा बस्ता बांधून झाला होता. सतरा गठ्ठे. भावानं डिकी भरली, मागची सीट भरली, नवरीमुलीच्या मांडीवर खण ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. गाडीत मला जागा नव्हती. मग मी चालत वळिवडे स्टेशनला आलो. छावणीच्या जागेचं नाव बदललं, स्टेशनाचं वळिवडेच आहे. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ चा, म्हणजे ही पाच हजार माणसं रुळांवरूनच आली असणार, आणि त्यांच्या मागोमाग दुसरीही. फलाटावर मी, एक कुत्रं आणि उसाच्या मोळ्यांवर बसलेली दोन माणसं.

पॅसेंजर पाऊण तास लेट होती. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. मोजल्यावर मानाच्या साड्यांत एक कमी भरली होती, आणि थोरल्या मावशीला दिलेला रंग आवडला नव्हता. उद्या परत गांधीनगर.