लेखनिक घेतला तर मार्क कुणाचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेत, चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली, परवा तर फोंड्याच्या बसमध्येही हेच ऐकलं: 'टीचर, परीक्षेला लेखनिक देता, ती कॉपीच नव्हे?'

नव्हे. आम्ही खालच्या इयत्तेतलं मूल शोधतो. लिहिताना अडणारा परीक्षार्थी उत्तर सांगतो, ते उतरवतं. पूर्वी मी लगेच कायदा काढायचे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातले 21 प्रकार, त्यांत अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचता-लिहिताना अडणं. मग विकास कुमार खटला: लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क दिला, किमान 40 टक्के अपंगत्वाची अट न लावता. लोक ऐकून घेत आणि म्हणत, 'तरीपण...'

दहावीच्या प्रिलिमला इतिहासाच्या पेपराला लेखनिक घेतलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याला पर्यवेक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, 'बरं आहे, परीक्षा एकाची, मेहनत दुसऱ्याची.' दुसऱ्या दिवशी विज्ञानाला त्याने लेखनिक नाकारला. लेखनिक म्हणून आलेली आठवीतली मुलगी पॅड घेऊन बाहेर बाकावर बसून राहिली. मी समजावलं, मुख्याध्यापिकांनी समजावलं. 'म्हाका येता, हांव बरयतां,' मला येतं, मी लिहितो, एवढंच त्याचं. घंटा होईपर्यंत तो लिहीत होता, खोडत होता. उत्तरपत्रिकेत जेमतेम एक पान, 'ऑक्सिजन'चं स्पेलिंग दर वेळी वेगळं. दुपारी रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना मी शिकवते त्या खोलीत, मी तोच पेपर तोंडी घेतला. तारे लुकलुकतात मग ग्रह का नाहीत, हे त्याने हातवारे करत असं सांगितलं की विज्ञानाच्या टीचर दारात थांबून ऐकत राहिल्या. मार्क अर्थात त्या एका पानाचेच.

स्टाफरूममध्ये मात्र कौतुक: पोरगं स्वाभिमानी! नवी होते तेव्हा मीही तेच म्हटलं असतं. लेखनिकाची सवय लागली की मूल लिहिणं सोडेल, रोज घटवून घेतलं की अक्षर वळेल, असं मला वाटायचं. घटवून अजूनही घेते. कुणाकुणाचं वळतंही. पण सराव करायला वर्षभर पडलंय, तो भर पेपरात कशाला?

लेखनिक एखादी चूक परस्पर दुरुस्त करत असेल का? असेलही. प्रत्येक खोलीत मी नसते. पुढच्याच्या पेपरात डोकावणाऱ्यांबद्दल मात्र मला बसमध्ये कुणी अडवत नाही.

बोर्डाला त्याने लेखनिक घेतला. वडिलांनी सही केली आणि जाताना दोनदा बजावलं, 'टीचर, हे आमच्या वाड्यावर कुणाला कळू देऊ नका.'